जयूकाकीची गिरण आणि रवळनाथाचा कौल

"सरकारी मशीन काय म्हणता?" असं विचारत बाबल तांडेल शाळेच्या गच्चीवर चढला, तेव्हा त्याच्या हातात एक सुका बांगडा होता आणि तो बांगडा पांढरा पडला होता. त्याच्या मागे आणखी दहा-बारा माणसं जिना चढून आली. कुणाच्या हातात दोरीवरून काढलेला सदरा होता, कुणाच्या हातात केळीचं पान, एकाने तर मोटरसायकलची सीटच उपटून आणली होती. सगळ्यांवर तीच बारीक भुकटी बसलेली होती.

मी त्या वेळी यंत्रातला कागद बदलत होतो. पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. मी हवेच्या खात्यात नवा लागलो होतो आणि बार्शीहून थेट आडबंदरला येऊन पडलो होतो. काम असं की शाळेच्या गच्चीवर ठेवलेलं एक पत्र्याचं खोकं दिवसभर हवा ओढायचं, हवेतली धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसायची, आणि तो कागद मी दर आठ तासांनी काढून पाकिटात घालून जिल्ह्याला पाठवायचा. वहीत नोंद करायची. वहीत शेवटचा रकाना होता 'संभाव्य स्रोत'. त्यात मी आठ महिने रोज 'समुद्राचे मीठ व चुलीचा धूर' एवढंच लिहीत होतो. एखाद दिवशी कंटाळा आला तर आधी धूर आणि मग मीठ लिहायचो.

गावाने मला हवावालो असं नाव ठेवलं होतं. पण आठ महिन्यांत एका माणसाने मला हवेबद्दल काही विचारलं असेल तर शपथ. मी रस्त्याने जाताना लोक पावसाचं विचारायचे, बदलीचं विचारायचे, लग्नाचं तर रोजच विचारायचे. त्या दिवशी सकाळी मात्र सगळं आडबंदर उठलं ते पांढरं होऊन. कौलं पांढरी, होड्या पांढऱ्या, विहिरीच्या पाण्यावर साय धरल्यासारखी भुकटी. आणि निम्मं गाव माझ्याकडे बघत गच्चीवर उभं होतं.

माणसाला कधी नव्हे तो मान मिळाला की त्याचं काय होतं ते मी तिथे अनुभवलं. मी कागद उन्हाकडे धरला. डोळे बारीक केले. भुकटी अगदी ज्वारीच्या पिठाच्या रंगाची होती, आणि ज्वारीचं पीठ माझ्याएवढं त्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. मी घसा साफ करून म्हणालो की कण फार बारीक आहेत, पांढरट आहेत, आणि इतके दाट बसले आहेत त्या अर्थी ते जवळूनच कुठून तरी आलेले असणार.

"म्हणजे पीठ," बाबल म्हणाला.

मी नाही म्हणालो नाही. गावात पिठाची गिरण एकच होती आणि जत्रा तीन दिवसांवर आल्यामुळे वड्यांचं पीठ दळायला ती दोन दिवस सारखी धडधडत होती. बाबल म्हणाला, मग वहीत लिही. दहा-बारा जण बघत असताना मी खिशातलं पेन काढलं आणि संभाव्य स्रोताच्या रकान्यात झोकदार अक्षरात लिहिलं, 'स्थानिक पीठगिरणी'. लिहून झाल्यावर खाली सही ठोकली. सही करायची काही गरज नव्हती.

आता त्या गिरणीविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझा गाढवपणा नीट लक्षात यायचा नाही. गिरण जयवंती धुरीची. तिला सगळं गाव जयूकाकी म्हणायचं. नवरा गेल्यावर हात-पाय गाळून न बसता तिने परसातल्या मांगरात, म्हणजे गुरांच्या जुन्या खोपटात, गिरण घातली होती. त्याआधी गावातल्या बायका डोक्यावर तांदूळ घेऊन होडीतून खाडीपलीकडे जायच्या आणि पीठ घेऊन यायच्या, ते निम्मं भिजलेलं असायचं. गिरण आली आणि तो त्रास गेला. काकीच्या पोटाचं साधनही तेवढंच. गिरण बंद झाली तर मुंबईला भावाच्या खोलीत, भावजयीच्या हाताखाली जाऊन राहणं एवढंच तिच्यापुढे उरत होतं, आणि ती भावजय कशी आहे ते काकी रोज एक किस्सा या हिशेबाने मला सांगत असे.

मला सांगत असे, कारण मी तिच्याच पडवीत राहत होतो आणि तिच्याच घरी जेवत होतो. पहिल्या महिन्यात मी रोज भात खाऊन सुकत चाललेला पाहून तिने कुणाकडून तरी ज्वारी मागवली, माझ्या एकट्यासाठी वेगळी दळली, आणि जन्मात कधी न केलेल्या भाकऱ्या थापायला ती माझ्याकडून शिकली. तर अशा माणसाचं नाव मी सही करून सरकारी वहीत लिहून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी जायला माझे पाय तयार नव्हते. काकीने ताट वाढलं. दोन भाकऱ्या, कुळथाची पिठी, कांदा. मी मान खाली घालून बसलो.

"जेव," ती म्हणाली. "पीठ जवळचाच असा."

मी चाचरत म्हणालो की नोंद म्हणजे काही निकाल नव्हे, नुसता अंदाज असतो, संभाव्य असं तिथे छापलेलंच आहे. काकीने खिडकीच्या गजावर बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

"आठ म्हयने माज्या गिरणीचा पीठ खातंस. ह्या चाखून बघ आणि सांग पीठ असा काय ता."

मी म्हणालो, नमुना तोंडात घालायला आमच्या खात्यात मनाई आहे. अशी काही मनाई नव्हती. मला फक्त चुकायची भीती वाटत होती, आणि चुकलो असं कळण्याची त्याहून जास्त. काकीने ते बोट पदराला पुसलं आणि माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली. रागावलेल्या माणसाने वाढलेली भाकरी खाणं हे फार अवघड काम आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी पंचायतीने गिरणीची परवानगी काढून घ्यायचा ठराव लिहिला. त्याला पुरावा म्हणून माझ्या वहीच्या पानाची नक्कल जोडली. फक्त तारखेची जागा मोकळी ठेवली, कारण आडबंदरात कुणाचं दार कायमचं बंद करायचं तर रवळनाथाला विचारल्याशिवाय करत नाहीत. बाबल सगळ्यांच्या पुढे होता. त्याची वाळत घातलेली मासळी खराब झाली होती हे खरं, पण तेवढ्याने माणूस इतका पेटत नाही. गेले तीन दिवस तो ज्याच्या-त्याच्या अंगावर जात होता, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. काकी त्याला एवढंच म्हणाली की देवाचा कौल तिला मान्य आहे, आणि माझ्याकडे बघून म्हणाली की कागदाचा नाही.

कौल असा लावतात. देवाची काळ्या पाषाणाची उभी मूर्ती. गुरव फुलाच्या ओल्या पाकळ्या मूर्तीच्या छातीवर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो. गावचे मानकरी दाजी परब देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे प्रश्न मांडतात. मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एक रीत त्या गावची खास. तक्रार एकदा देवाच्या कानावर घातली की कौल मिळेपर्यंत देवाला आंघोळ घालत नाहीत. भानगड ज्या स्थितीत देवाकडे आली त्याच स्थितीत त्याने ती बघावी, मध्ये कुणी हात लावू नये. भुकटीची तक्रार पहिल्याच सकाळी, पूजेच्या आधीच, देवाच्या कानावर गेली होती. आमच्या खात्यात नमुन्याबद्दल हाच नियम होता, पण तो देवळात जास्त पाळला जायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळात जमलं. काकी खांबाला टेकून बसली होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि चेहरा असा ठेवला होता की जणू दुसऱ्याच कुणाचा कौल आहे. दाजी परबांनी हात जोडले. ते ऐंशीचे होते, पण गाऱ्हाण्याला त्यांचा आवाज समुद्रावरून येत असल्यासारखा यायचा.

"बा देवा रवळनाथा, तुजी लेकरां तुज्या पायाशी इली असत. जयवंती धुरीच्या गिरणीचाच पीठ ह्या गावभर उडला आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

भगवान गुरवाने अबोलीच्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या छातीवर लावल्या. आम्ही बघत बसलो.

दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. एरवी पाच-दहा मिनिटांत पाकळी सुटते म्हणे. पाऊण तासाने एक म्हातारी जपमाळ ओढता ओढता झोपली. तासाभराने दाजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या जिथल्या तिथे. उजवी हलेना, डावी हलेना. भगवान गुरवाचा चेहरा उतरला. त्याच्या आज्याच्या काळापासून असं कधी झालं नव्हतं. कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं देव रागावला, कुणी म्हणालं देवाने गावाकडे पाठ फिरवली. बाबल म्हणाला, पाप एवढं मोठं आहे की देवाची वाचाच बसली. काकीने पहिल्यांदाच डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते. ते पाहून मला बसवेना.

मी उठलो आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. आत जायची मला परवानगी नव्हती, पण दिसत सगळं होतं. पाकळ्या चिकटल्या नव्हत्या, त्या थापल्या गेल्या होत्या. देवाच्या छातीवर ती भुकटी बसलेली, तिच्यावर ओली पाकळी लावली, आणि त्या पाण्याने भुकटीचा चिखल होऊन तो वाळून घट्ट झाला होता. शेणाने सारवलेल्या जमिनीत खडा रुतावा तशा त्या पाकळ्या रुतल्या होत्या. देव बिचारा काय कौल देणार?

आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली. देवाचं कपाळ, नाक, छाती, सगळं पांढरट होतं. पण देवाच्या पाठीमागचा समईचा कोनाडा काळाभोर होता.

"भगवान," मी म्हणालो, "देवाच्या पाठीवरून जरा हात फिरवा."

गुरवाने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. गुरवाने हात फिरवून तळवा पुढे केला. त्यावर तेल होतं, भुकटी नव्हती. मग मी त्याला देवाच्या छातीवरून बोट फिरवायला सांगितलं आणि त्याने पुढे केलेल्या बोटावरची भुकटी टिपून सगळ्यांदेखत जिभेवर ठेवली.

दात कचकचले. पीठ दाताखाली विरतं, चिकट होतं. ही धूळ होती, आणि वर खारट. मी बार्शीचा. आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळ उठली की भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर थोडी धूळ पोटात जाते. दोन रंगांच्या धुळी मी नुसत्या चवीवरून ओळखल्या असत्या. काकीने परवा बोट पुढे केलं तेव्हाच चाखली असती तर देवाला दोन दिवस बिनआंघोळीचं राहावं लागलं नसतं.

वावटळीनंतर आमचे वडील कडब्याची गंजी बघायचे आणि धूळ गंजीच्या ज्या अंगाला असेल त्या अंगाने वारा आला असं सांगायचे. मी देवळाबाहेर धावलो. माझ्या मागे गाव. देवळाचं दार पश्चिमेला, समुद्राकडे. गिरण देवळाच्या मागे, पूर्वेला. पश्चिमेची भिंत चुना लावल्यासारखी पांढरी होती आणि गिरणीकडची भिंत होती तशी लाल. नारळाच्या झाडांचे बुंधेही समुद्राकडून पांढरे आणि गावाकडून करडे होते. आठ महिने हवा मोजणाऱ्या माणसाला वारा कुठून आला एवढं बघायचं सुचलं नव्हतं.

मी देवळाच्या पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "गिरणीचं पीठ नाही. समुद्रावरून आलेली धूळ आहे. मी वहीत खोटं लिहिलं."

नोकरी जाईल असं मला नक्की वाटत होतं. पण गावाला माझ्या नोकरीची काळजी नव्हती. बाबल पुढे आला.

"समुद्रात धूळ खयची? पाण्यात कधी धूळ आसता?"

प्रश्न बिनतोड होता. आडबंदरात मोबाइल लागायची जागा एकच, देवळासमोरच्या दीपमाळेचा चौथरा. मी तिथे चढून जिल्ह्याला साहेबांना फोन लावला. बाबलने फोनमधलं सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे असा आग्रह धरला, म्हणून आवाज मोठा केला. साहेब म्हणाले की गेले तीन दिवस ते मलाच शोधत होते. समुद्रापलीकडे वाळवंटात मोठं वादळ उठलं होतं, तिथली धूळ उंच चढून वाऱ्याबरोबर अख्खा समुद्र ओलांडून दोन दिवसांत आपल्या किनाऱ्यावर उतरली होती. उपग्रहाच्या चित्रात तिचा पट्टा तिकडून इकडेपर्यंत दिसत होता. सगळ्या किनाऱ्यावर हीच तऱ्हा होती.

मग त्यांनी विचारलं, "बारबोले, तुम्ही नोंदीत काय लिहिलंत?"

मी हळूच सांगितलं. सगळं गाव ऐकत होतं.

"बाकीच्यांनीही चुका केल्यात," साहेब म्हणाले. "एकाने रस्त्याचं काम लिहिलं, एकाने शेजाऱ्याचा चुना. पण पीठ फक्त तुम्हीच." चुकीची ओळ एका रेघेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खरं लिहायचं, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

लोक हसायला लागले. बाबल मात्र हसला नाही. तो चौथऱ्यावर चढला, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि एक नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्याचा झिल, म्हणजे मुलगा, विश्राम तिकडेच होता, समुद्रापलीकडे, खडीच्या खाणीवर मोठी गाडी चालवायला. गेले चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता, हे बाबलने गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्याऐवजी तो लोकांच्या अंगावर जात होता.

सहाव्या खेपेला फोन लागला. आवाज मोठाच राहिला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. विश्राम म्हणाला, बाबा, चार दिवस खोलीत कोंडून बसलंय, बाहेर दिवस दिसत नव्हता, आताच जरा उघडलं, तुमका कसा कळला? बाबल म्हणाला, कळला. जेवलास काय, एवढंच त्याने विचारलं आणि फोन बंद केला. मग तो चौथऱ्यावरच बसला. दगडावर बसलेल्या धुळीवरून त्याने हात फिरवला आणि तो तळवा बघत राहिला.

"पाच वर्सां झाली," तो म्हणाला. "झिल येवक नाय. धूळ इली."

जयूकाकी गर्दीतून पुढे झाली, चौथऱ्याच्या खाली उभी राहिली आणि म्हणाली, उठ, देव अजून आंघोळीशिवाय उभा आहे.

सगळ्यांना वाटलं की आता कौलाची गरज उरली नाही. काकीने ऐकलं नाही. फोनवरच्या साहेबाने सोडलेलं तिला नको होतं, देवाने सोडलेलं हवं होतं. गुरवाने मूर्तीला तीन घागरी आंघोळ घातली, पाणी चहासारखं वाहून गेलं, काळा पाषाण लखलखीत झाला. पाकळ्या लावल्या, दाजींनी तेच गाऱ्हाणं घातलं, आणि आमचं व्हय म्हाराजा म्हणून व्हायच्या आधी डावी पाकळी टपकन खाली आली. बाबलने सर्वांआधी हात जोडले. पंचायतीचा ठराव गुरवाने समई पेटवायला घेतला.

जत्रा झाली, वडे झाले, आणि दोन दिवसांनी वारा नेहमीसारखा फिरला. संध्याकाळी मी पडवीत बसून वहीतली ओळ एका रेघेने खोडली आणि बाजूला लिहिलं, 'समुद्रापलीकडून'. काकी मागे येऊन उभी होती. तिने विचारलं की आता वारा कुठे चालला आहे. मी म्हणालो, जमिनीवरून समुद्राकडे, थंडीत असाच असतो. तिने विचारलं की मग आपल्याकडची धूळ, धूर, ते सगळं कुठे जात असेल. मी म्हणालो, त्याच बाजूला जात असेल.

ती मांगरात गेली. थोड्या वेळाने मी बघायला गेलो, तर ती एका बाकावर उभी राहून गिरणीच्या समुद्राकडच्या खिडकीला भिजवलेलं गोणपाट बांधत होती. मी हसलो. मी तिला समजावलं की पीठ जड असतं, ते फार तर देवळापर्यंत जाईल, समुद्र ओलांडणं त्याच्या बापाला जमायचं नाही.

"थय बाबलाचो झिल असा," काकी गोणपाटाची गाठ आवळत म्हणाली. "आणि पीठ किती लांब जाता, ता तुजा आमी एकदा ऐकलंव."